अ‍ॅप्लिकेशन मागते, ऑपरेटिंग सिस्टीम देते

श्रोतेहो, नमस्कार.

ठाण्यात नौपाड्यापासून घोडबंदर रस्त्यापर्यंत टायपिंग, झेरॉक्स आणि ऑनलाइन अर्ज भरून देणारी लहान लहान दुकाने जागोजागी आहेत, आणि तिथे एक तक्रार हमखास ऐकू येते: "घरी मजकूर व्यवस्थित दिसत होता, इथे सगळी अक्षरे बदलली." सोसायटीच्या सचिवांनी महापालिकेला द्यायचा अर्ज पेन ड्राइव्हवर आणलेला असतो, फाइल उघडतेही, पण मराठीच्या जागी इंग्रजी अक्षरे आणि चिन्हे दिसतात. मग कोणी दुकानदाराला बोल लावतो, कोणी "संगणकच जुना आहे" म्हणून मोकळा होतो. खरा दोष कुठे आहे हे ओळखायचे असेल, तर ऑपरेटिंग सिस्टीम, म्हणजे विंडोज किंवा लिनक्ससारखे संगणकाचा सगळा कारभार पाहणारे मूळ सॉफ्टवेअर, आणि तिच्यावर चालणारी अ‍ॅप्लिकेशन सॉफ्टवेअर यांच्यात कामाची वाटणी कशी झालेली असते, हे माहीत असायला हवे.

या वाटणीचा पाया असा आहे की अ‍ॅप्लिकेशनला यंत्राला थेट हात लावण्याची मुभा नसते. पत्र लिहिण्याचे सॉफ्टवेअर असो, हिशेबाचे असो की ब्राउझर असो, त्याला डिस्कवर लिहायचे असेल, प्रिंटरकडे कागद पाठवायचा असेल किंवा जास्त मेमरी हवी असेल, तर ते ऑपरेटिंग सिस्टीमकडे मागावे लागते. या मागणीला सिस्टीम कॉल म्हणतात. ही केवळ शिस्तीची बाब नाही. प्रोसेसरच्या रचनेतच दोन पातळ्या ठेवलेल्या असतात. अ‍ॅप्लिकेशन मर्यादित अधिकारांच्या पातळीवर चालते, आणि ऑपरेटिंग सिस्टीमचा गाभा, ज्याला कर्नल म्हणतात, तो पूर्ण अधिकारांच्या पातळीवर चालतो. अ‍ॅप्लिकेशनने हद्द ओलांडायचा प्रयत्न केला, तर प्रोसेसर ते काम तिथेच थांबवून कर्नलला कळवतो.

आपण 'सेव्ह' म्हणतो तेव्हा काय घडते, ते जरा जवळून पाहू. लिहिलेला मजकूर तोपर्यंत फक्त अ‍ॅप्लिकेशनला मिळालेल्या मेमरीत असतो. सेव्ह म्हणताच अ‍ॅप्लिकेशन तो कर्नलच्या हवाली करते. या फोल्डरमध्ये लिहिण्याची परवानगी आहे का, डिस्कवर जागा आहे का, हे कर्नल तपासतो, आणि मजकूर बहुतेक वेळा आधी स्वतःच्या मेमरीत घेऊन "झाले" असे उत्तर देतो. डिस्कवर तो प्रत्यक्ष थोड्या वेळाने लिहिला जातो. पेन ड्राइव्ह काढण्यापूर्वी 'इजेक्ट' करायला सांगतात, ते यासाठीच. आणि वीज गेल्यावर सेव्ह न केलेले पान हरवते, त्यात ऑपरेटिंग सिस्टीमचा दोष नसतो, कारण ते पान तिच्या हवाली कधी झालेलेच नव्हते. आपोआप सेव्ह करत राहण्याची सोय देणे ही अ‍ॅप्लिकेशन लिहिणाऱ्यांची जबाबदारी आहे, आणि ज्यांनी ती मनावर घेतली त्यांनी आपले पुष्कळ कष्ट वाचवले आहेत.

आता मराठी अक्षरांकडे येऊ, कारण आपल्याला ही वाटणी सर्वांत जास्त तिथेच भोवते. कळ दाबल्यावर कीबोर्ड संगणकाला अक्षर पाठवत नाही, कोणती कळ दाबली त्याचा क्रमांक पाठवतो. त्या क्रमांकाचा अर्थ निवडलेल्या मांडणीप्रमाणे ऑपरेटिंग सिस्टीम लावते. भारतीय लिप्यांसाठीची इन्स्क्रिप्ट ही कीबोर्डची मांडणी निवडलेली असेल, तर 'के'च्या कळीवर क येतो. मग ते अक्षर समोर उघड्या असलेल्या अ‍ॅप्लिकेशनला दिले जाते. समजा, आपण 'ठिकाण' लिहितो आहोत. युनिकोड, म्हणजे प्रत्येक लिपीतल्या अक्षरांना स्वतःचे क्रमांक देणारी पद्धत, तिच्या नियमाप्रमाणे आधी ठ आणि नंतर वेलांटी अशा क्रमाने साठवण होते, पडद्यावर मात्र वेलांटी ठ च्या आधी यायला हवी. हा क्रम बदलणे, जोडाक्षरे जुळवणे, रफार योग्य अक्षराच्या डोक्यावर बसवणे हे काम अक्षर-मांडणीचा एक वेगळा घटक करतो. विंडोजमध्ये अशी सोय ऑपरेटिंग सिस्टीमच पुरवते. लिनक्स आणि अँड्रॉइडवर हे काम हार्फबझ नावाची मुक्त लायब्ररी, म्हणजे इतर सॉफ्टवेअरना वापरता येणारा तयार घटक, करते. काही अ‍ॅप्लिकेशन मात्र स्वतःचाच घटक बरोबर आणतात. त्यामुळे एकाच संगणकावर एका सॉफ्टवेअरमध्ये जोडाक्षर नीट दिसते आणि दुसऱ्यात त्याचा हलन्त सुटा पडतो. तसे झाले, तर संगणक बदलून उपयोग नाही. त्या सॉफ्टवेअरची नवी आवृत्ती घ्यावी किंवा त्याच्या सेटिंगमध्ये भारतीय लिप्यांचा पर्याय शोधावा.

सचिवांच्या अर्जाची गोष्ट याहून वेगळी आहे. जुन्या डीटीपी फाँटमध्ये, म्हणजे संगणकावर छपाईची पाने जुळवण्यासाठी वापरल्या जाणाऱ्या फाँटमध्ये, इंग्रजी अक्षरांच्या जागांवर मराठी आकार बसवलेले असत. म्हणजे फाइलमध्ये इंग्रजी अक्षरांचेच क्रमांक साठवले जात आणि मराठी दिसे ते केवळ त्या फाँटमुळे. तो फाँट ज्या संगणकावर नाही, तिथे ऑपरेटिंग सिस्टीम आणि अ‍ॅप्लिकेशन दोघेही आपले काम चोख करतात आणि फाइलमध्ये जे आहे तेच दाखवतात. युनिकोडच्या 1991 मधील पहिल्या आवृत्तीपासून देवनागरीला स्वतःचे क्रमांक मिळालेले आहेत. तरीही सोसायट्यांचे, संस्थांचे आणि छापखान्यांचे कितीतरी कागद आजही जुन्या फाँटमध्ये अडकून पडले आहेत, याचे मला मनापासून वाईट वाटते. युनिकोडमध्ये रूपांतर करण्याची साधने उपलब्ध आहेत. जुने ठराव आणि इतिवृत्ते त्यातून वेळीच काढून घ्यावीत आणि रूपांतरानंतर जोडाक्षरे एकदा डोळ्यांखालून घालावीत.

एकाच वेळी अनेक अ‍ॅप्लिकेशन चालतात, त्यांची व्यवस्थाही ऑपरेटिंग सिस्टीमच पाहते. ती प्रत्येकाला प्रोसेसरचा थोडा थोडा वेळ देते आणि प्रत्येकाची मेमरी दुसऱ्यापासून वेगळी ठेवते. विंडोज 3.1 च्या काळी अ‍ॅप्लिकेशनने आपण होऊन प्रोसेसर सोडावा लागे, त्यामुळे एक अडले की सगळेच अडत. आज अडलेले अ‍ॅप्लिकेशन तेवढे बंद करता येते.

विंडोजसाठी तयार केलेले सॉफ्टवेअर लिनक्सवर सरळ चालत नाही, तेही या मागण्यांच्या पद्धतीमुळेच. प्रोसेसर तोच असला, तरी मागण्यांची रीत निराळी असते. 1993 पासून विकसित होत असलेले वाइन हे मुक्त सॉफ्टवेअर विंडोजच्या रीतीने केलेल्या मागण्या लिनक्सला समजतील अशा करून देते, आणि त्यामुळे अशी बरीच सॉफ्टवेअर तिथे चालतात, सगळी मात्र नाहीत.

बिघाड झाला, तर पहिली परीक्षा सोपी आहे. एकाच अ‍ॅप्लिकेशनमधून छपाई होत नसेल, तर त्या अ‍ॅप्लिकेशनकडे पाहावे. कुठूनच होत नसेल, तर प्रिंटर, त्याची केबल आणि ऑपरेटिंग सिस्टीममधला त्याचा ड्रायव्हर, म्हणजे प्रिंटरशी बोलणारे छोटे सॉफ्टवेअर, तपासावा.

आणि एक तातडीची बाब. विंडोज 10 चा नियमित मोफत आधार (सपोर्ट), म्हणजे सुरक्षेच्या दुरुस्त्या मिळत राहण्याची सोय, 14 ऑक्टोबर 2025 रोजी संपला. त्यावरची अ‍ॅप्लिकेशन त्या दिवशी बंद पडली नाहीत, म्हणून अनेक कार्यालयांना काही बदलले असे वाटत नाही. पण अ‍ॅप्लिकेशन कितीही नवे असले, तरी फाइल, पासवर्ड आणि नेटवर्क यांसाठी ते खालच्या ऑपरेटिंग सिस्टीमवरच विसंबून असते, आणि तिच्यात नव्याने सापडलेली भगदाडे वरून बुजवता येत नाहीत. सभासदांचे हिशेब आणि आधार कार्डांच्या प्रती ज्या संगणकावर आहेत, तो विंडोज 11 घेऊ शकतो का, हे आधी पाहावे. घेऊ शकत नसेल, तर वाढीव सुरक्षा-आधाराची चौकशी करावी किंवा त्यावर लिनक्स बसवावे, आणि तोपर्यंत त्या फाइलींची एक प्रत वेगळ्या डिस्कवर काढून ठेवावी. नमस्कार.