सिंधूचं नाव पेडण्याच्या दाखल्यावर

मंडळी, घरातल्या एका कागदापासून सुरुवात करतो. आमच्या पेडण्याच्या घरी पत्र्याच्या पेटीत आजीचा जन्मदाखला आहे. पिवळा पडलाय, घड्यांवर फाटलाय, पण वरची छापील ओळ अजून स्वच्छ वाचता येते: ‘इश्तादु द इंदिया’. म्हणजे इंडियाचं राज्य. गोवा, दमण, दीव यांना मिळून पोर्तुगीज सरकार हेच म्हणायचं. आणि आजीला विचारलं तर ती सांगायची, पत्रादेवीची चौकी ओलांडली की पलीकडे इंडिया! चौकीच्या दोन्ही अंगांना एकच नाव. १९४७ नंतर सरकारी कागदांत पलीकडच्या देशाला ‘उनियांव इंदियाना’, म्हणजे भारतीय संघराज्य, असं वेगळं म्हणावं लागलं.

हे नाव आलं सिंधू नदीवरून. आपल्या ‘स’च्या जागी इराणी लोकांचा ‘ह’ येतो. आपलं सप्त ते त्यांचं हफ्त; त्यातूनच आलेला हप्ता आपण रोज वापरतो. तसं सिंधूचं हिंदू झालं. ग्रीकांकडे जाताना तो ‘ह’ही गळाला, उरलं ‘इंदोस’, आणि त्यावरून इंडिया. लॅटिनमार्गे ते लिस्बनला पोचलं आणि १५१० साली गोवा जिंकणाऱ्या आल्बुकर्कच्या गलबतांतून मांडवीच्या काठी उतरलं. सिंधू जिनं जन्मात पाहिली नाही, त्या पेडण्याच्या मुलीच्या दाखल्यावर सिंधूचंच नाव! मला हे फार विलक्षण वाटतं.

पोर्तुगिजांच्या नावाचाही असाच प्रवास झाला. दोउरू नदीच्या मुखाशी ‘पोर्तुस काले’ नावाचं बंदर होतं, त्याचं पोर्तुगाल झालं. अरबीत आज ‘बुर्तुकाल’ म्हणजे चक्क संत्रं. गोड संत्रं पोर्तुगिजांच्या व्यापारातून आलं म्हणून फळालाच देशाचं नाव चिकटलं. पण स्वतः पोर्तुगीज त्याला म्हणतात ‘लारांजा’, आणि तो शब्द फारसी-अरबीतून गेलेला आपला नारंग!

आपण मात्र त्यांना पोर्तुगीज म्हटलं नाही. म्हटलं फिरंगी. फ्रँक ही मुळात वेगळीच जमात, फ्रान्सला नाव देणारी. धर्मयुद्धांच्या काळात अरबांनी पश्चिम युरोपातल्या सगळ्यांनाच ‘फरंज’ म्हटलं, फारसीत त्याचं फरंग झालं, आणि तोच शब्द इथे पोर्तुगिजांना लागला. युरोपातून आलेल्या सरळ पात्याला आपली मूठ बसवली की ती तलवार ‘फिरंग’. सोळाव्या शतकातल्या ‘भावप्रकाश’ या आयुर्वेदाच्या ग्रंथात गरमीच्या रोगाचं, म्हणजे उपदंशाचं, नावही फिरंगरोग.

आजी १९६१ च्या आधीच्या काळाला शेवटपर्यंत ‘फिरंग्यांच्या राज्यात’ असंच म्हणायची. पोर्तुगाल हा शब्द मी तिच्या तोंडून कधीच ऐकला नाही.