सहा गुंजांचा खडा

फुकुशिमाच्या 2 क्रमांकाच्या अणुभट्टीतून 7 नोव्हेंबर 2024 रोजी एक खडा बाहेर आला. लांबी 9 मिलिमीटर, वजन 0.7 ग्रॅम. सोनाराच्या तराजूत सहा गुंजाही भरणार नाहीत. तिथल्या तीन भट्ट्यांत मिळून वितळून गोठलेल्या इंधनाचा असा अंदाजे 880 टन राडारोडा आहे, आणि मार्च 2011 च्या अपघातानंतर त्यातला हा पहिला नमुना हाती यायला तेरा वर्षं आठ महिने लागले.

हत्यार होतं मासे धरायच्या गळासारखं: एकातून एक सरकणारी नळी, टोकाला चिमटा. ऑगस्टमध्ये काम सुरू होता होताच थांबलं, कारण ती नळी मागून रेटणाऱ्या दीड-दीड मीटरच्या पाच पाइपांचा क्रम चुकला होता. सप्टेंबरमध्ये टोकाकडच्या कॅमेऱ्यांचं चित्र गेलं. किरणोत्सारामुळे आतल्या इलेक्ट्रॉनिक्समध्ये विद्युतभार साचला असावा, असा निष्कर्ष निघाला आणि कॅमेरे बदलावे लागले. एवढं करून खडा आला तेव्हा 20 सेंटिमीटरवर मोजलेला किरणोत्सार निघाला ताशी 0.2 मिलिसिव्हर्ट. ताशी 24 च्या वर गेला असता तर तो परत आत टाकायचं ठरलेलं होतं.

मग या खड्याचं करायचं काय? जपानमधल्याच ओआराईच्या प्रयोगशाळेत सूक्ष्मदर्शकाखाली त्यात युरेनियम, झिर्कोनियम, लोखंड दिसतं. पण एका खड्यावरून 880 टनांची गोष्ट सांगता येत नाही. नमुन्याला किंमत येते ती आधी कुणीतरी भाकीत करून ठेवलेलं असेल तर. अशी भाकितं करायला आणि ती एकमेकांशी ताडून बघायला परदेशी मंडळी लागतात ती इथं.

याचा उत्तम दाखला अमेरिकेतल्या थ्री माइल आयलंड अणुवीज केंद्राचा. अपघात 28 मार्च 1979 चा. जुलै 1982 मध्ये कॅमेरा आत सोडेपर्यंत गाभा थोडाफार बिघडलाय इतपतच बहुतेकांची समजूत होती. कॅमेऱ्यात दिसली सुमारे दीड मीटर खोल पोकळी. पुढे कळलं की जवळजवळ निम्मा गाभा वितळला होता आणि सुमारे 19 टन रस भट्टीच्या पोलादी पात्राच्या तळाला जाऊन बसला होता. त्या वेळच्या गणितानं तळ फुटायला हवा होता. तो फुटला नाही. का, हे शोधायला एनईए, म्हणजे ओईसीडी या देशगटाच्या अणुऊर्जा संस्थेच्या छत्राखाली अमेरिका, युरोपातले देश आणि जपान एकत्र आले आणि पाण्याखाली विजेच्या ठिणग्यांनी तळाच्या पोलादाचे 15 तुकडे कापून काढले गेले.

पोलाद तापमान विसरत नाही. 727 अंश सेल्सिअसच्या वर गेलं की त्याची स्फटिकरचना बदलते आणि थंड होताना त्या बदलाची खूण मागे राहते. कण किती वाढले, यावरून किती वेळ तापलं तेही काढता येतं. निष्कर्ष असा: सुमारे 1 मीटर बाय 0.8 मीटरचा एकच डाग 1100 अंशांपर्यंत गेला, तोही अर्ध्या तासाच्या आसपास. बाकीचा तळ 727 च्या खालीच राहिला. शिवाय डाग गणितापेक्षा फार लवकर थंड झाला. भाताच्या टोपात पाणी ओतल्यावर खरवड तळापासून सुटते ना, तसं गोठलेला रस आणि पोलाद यांच्या फटीत पाणी शिरलं असावं, हे त्यावरचं सर्वांत पटणारं स्पष्टीकरण. पाणी उशिरा पोचलं तरी पोचवायचंच, या सूचनेला त्यानं बळ मिळालं.

फुकुशिमासाठी एनईएनं 2012 ते 2018 मध्ये बीसॅफ प्रकल्प चालवला. तीच भट्टी, तोच प्रसंग, आणि वेगवेगळ्या देशांचे संगणक-संकेत, म्हणजे अपघाताचं गणित मांडणारे प्रोग्रॅम. उत्तरं जुळली नाहीत. मला तर वाटतं, प्रकल्पाची खरी कमाई हीच! 1 क्रमांकात बहुतेक इंधन पात्राबाहेर पडलं, यावर एकमत होतं. 2 क्रमांकाबाबत मतं फाकली. पुढे आकाशातून येऊन जाड भिंतींतूनही आरपार जाणाऱ्या म्यूऑन कणांनी घेतलेल्या चित्रात 2 क्रमांकाच्या पात्राच्या तळाशी जड द्रव्य दिसलं. आणि 1 क्रमांकात रोबोटनं 2023 मध्ये दाखवलं की पात्राला पेलणाऱ्या चौथऱ्याचं काँक्रीट आतून गेलंय, सळ्या मात्र उघड्या उभ्या आहेत. काँक्रीट गेलं आणि लोखंड राहिलं! ही विसंगती कुठलाच संकेत सहजासहजी सोडवत नाही.

आता आपल्याजवळचं. काणकोणहून पोळ्याचा नाका ओलांडला की कारवार, तिथून आत काळी नदीकाठी कैगाचं अणुवीज केंद्र. चार भट्ट्या, प्रत्येकी 220 मेगावॉट, जड पाण्याच्या. भारत एनईएचा सदस्य नाही; जड पाण्याच्या भट्ट्यांसाठीच्या संकेतांची आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेनं तुलना केली, तिच्यात मात्र होता. थ्री माइलचा फटीचा धडा कैगाला जसाच्या तसा लागू होत नाही, कारण तिथं उभं जाड पात्रच नाही. इंधन आडव्या दाबनळ्यांत, नळ्यांभोवती कॅलेंड्रिया नावाच्या टाकीत जड पाणी. इंधनाचं थंडावणं बंद पडलं तर दाबनळी तापून फुगते किंवा वाकते, तिच्याभोवतीच्या दुसऱ्या नळीला टेकते आणि उष्णता त्या पाण्यात जाते. पाणी आटत गेलं तर वरच्या रांगेतल्या नळ्या आधी उघड्या पडतात, खालच्यांवर कोसळतात आणि सगळा ढीग कॅलेंड्रियाच्या तळाला येतो. त्या तळाबाहेर व्हॉल्टचं, म्हणजे टाकीभोवतीच्या काँक्रीटच्या कोठीतलं, साधं पाणी असतं. म्हणजे इथं मोजायचं ते हे: व्हॉल्टच्या पाण्याची पातळी अपघातात दिसत राहते का, आणि बाहेरून पाणी जोडायचा नळ किरणोत्सार वाढल्यावरही माणसाला गाठता येतो का.