गाडीत पेट्रोलचा वास: गळती कुठे, दुरुस्ती कशी

[दृश्य: पुण्यातली नाना पेठ. सुट्या भागांच्या दुकानात काउंटरवर मांडलेल्या ओ-रिंगा, क्लॅम्प, काळे रबरी पाइप.]

गाडीत पेट्रोलचा वास येतोय म्हणून नाना पेठेत आलेलं गिऱ्हाईक बहुतेक वेळा थेट पार्टच मागतं. कुणाला पंप हवा असतो, कुणाला पाइप. पण पाकीट उघडण्याआधी एक विचारायला हवं: वास नेमका कधी येतो? वेळ कळली की जागा सापडते.

टाकी फुल केल्यावर वास येतो आणि काटा अर्ध्यावर आला की जातो, असं असेल तर दोष टाकीच्या माथ्यावर आहे. आजच्या बहुतेक पेट्रोल गाड्यांत पंप टाकीच्या आतच असतो. अनेक मॉडेलमध्ये मागची सीट उचलली की त्याचं झाकण दिसतं. त्याखालचं गॅस्केट, म्हणजे फट बंद करणारं रबर, कडक झालं, की कात्रजच्या घाटात वळणावर भरलेल्या टाकीतलं पेट्रोल हिंदकळतं, गॅस्केटपाशी पाझरतं आणि वास सरळ केबिनमध्ये शिरतो.

जानेवारीतल्या पहाटे गाडी चालू करताना वास येतो आणि इंजिन तापलं की नाहीसा होतो? मग बॉनेट उघडा. इंजिनात पेट्रोल फवारणाऱ्या इंजेक्टरच्या ओ-रिंगा, म्हणजे सांध्यातल्या गोल रबरी कड्या, जुन्या झाल्या की थंडीत आकसतात आणि रेलमधलं, म्हणजे सगळ्या इंजेक्टरांना पेट्रोल पुरवणाऱ्या नळीतलं, पेट्रोल बाजूने झिरपतं. गरम झाल्यावर रबर फुगून जागा धरतं, शिवाय गळलेले थेंब तापलेल्या इंजिनावर उडून जातात. म्हणून दुपारी गॅरेजमध्ये नेलेल्या गाडीत काहीच सापडत नाही. अशी गाडी रात्रभर गॅरेजमध्येच ठेवावी आणि सकाळी मेकॅनिकसमोर चालू करावी.

[दृश्य: पार्किंगमध्ये उभी गाडी. टॉर्चच्या उजेडात कुरतडलेला पाइप.]

सोसायटीच्या पार्किंगमध्ये उंदीर असतील तर पाइपवर दातांच्या खुणा आधी शोधा. आणि गाडीखाली ओला डाग दिसला, तर ती चालू करायचीच नाही, गॅरेजपर्यंतसुद्धा नाही. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते. ती जमिनीलगत साचते, बेसमेंटमध्ये तर जास्तच. गाडी ढकलून उघड्यावर आणा, दारं उघडी ठेवा, टोइंगवाल्याला बोलवा.

आता दुरुस्ती. इंजेक्शनच्या साध्या पेट्रोल गाडीत रेलमध्ये साधारण ३ ते ४ बार दाब असतो, आणि इंजिन बंद केल्यावरही तो बराच वेळ टिकतो. त्यामुळे पाइप तसाच ओढला तर पेट्रोलची पिचकारी डोळ्यांत जाते. आधी पंपाचा फ्यूज काढा, इंजिन चालू करून ते आपोआप बंद पडेपर्यंत थांबा, दोन-तीन वेळा सेल्फ मारा. मग बॅटरीची निगेटिव्ह केबल सोडा. हे सगळं इंजिन गार असताना, मोकळ्या जागेत. पावडरचं अग्निशामक हाताशी ठेवा. उजेडाला एलईडी टॉर्च घ्या. वायरवरचा जुना बल्ब फुटला तर ठिणगीला वेळ लागत नाही.

[दृश्य: जवळून. रेलमधून बाहेर येणारा इंजेक्टर, त्यावर चपटी झालेली ओ-रिंग. शेजारी नवी, गोल.]

रेलचे बोल्ट सोडून रेल इंजेक्टरांसकट सरळ वर उचला. जुनी ओ-रिंग बोटाने दाबून पाहा. चांगली रिंग काप घेतला तर गोल दिसते, गेलेली एका बाजूने चपटी असते आणि नखाने दाबली की बारीक चिरा उघडतात. चार इंजेक्टर असतील तर वरच्या-खालच्या सगळ्या रिंगा एकदमच बदला. एकाच वयाचं रबर आहे, आज एक गळली तर बाकीच्यांचा नंबर लांब नाही. नव्या रिंगेला स्वच्छ इंजिन ऑइलचं बोट लावा, म्हणजे बसवताना ती दुमडत किंवा कापली जात नाही. सिलिकॉन अजिबात लावू नका. पेट्रोलमध्ये ते फुगतं आणि त्याचे तुकडे इंजेक्टरमध्ये अडकतात. पंपाच्या गॅस्केटलाही हाच नियम. ते नवंच टाका, आणि टाकी अर्ध्याहून कमी असतानाच उघडा.

रबरी पाइपच्या बाबतीत काटकसर करू नये. कार्ब्युरेटरच्या बाइकचा पाइप दिसायला तसाच असला तरी इतक्या दाबाला फुटतो. दुकानात इंजेक्शनचा, इथेनॉलला चालणारा पाइप म्हणून मागा. आता पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं, आणि जुन्या गाड्यांच्या रबराला ते मानवतंच असं नाही. क्लॅम्पही इंजेक्शनचाच घ्या. भोकांच्या पट्टीचा साधा क्लॅम्प आवळला की रबर कापतो. कंपनीची लाइन प्लॅस्टिकची असेल तर मध्ये रबराचा तुकडा घालून जोड देऊ नका, लाइनच बदला.

उन्हात उभी असताना किंवा पेट्रोल भरल्याबरोबर वास येत असेल तर टाकीचं झाकण आणि कॅनिस्टर, म्हणजे टाकीला जोडलेला कोळशाचा डबा, बघा. झाकणाचं रबर तडकलेलं असेल तर झाकण बदललं की काम झालं. कॅनिस्टरमधला कोळसा टाकीतली वाफ शोषतो, पण नोझल कट झाल्यावरही पेट्रोल कोंबत राहिलं की तो भिजतो आणि निकामी होतो. कॅनिस्टरमधली वाफ इंजिनाकडे सोडणाऱ्या पर्ज व्हॉल्व्हचा विजेचा कनेक्टर काढून व्हॉल्व्हमध्ये फुंकर मारा. हवा आरपार गेली तर तो उघडा अडकलाय. अशी गाडी पेट्रोल भरल्यावर पटकन चालू होत नाही.

काम झालं की फ्यूज आणि बॅटरी लावा, पण सेल्फ लगेच मारू नका. चावी दोन-तीन सेकंद ऑन, मग ऑफ, असं चार-पाच वेळा करा म्हणजे रेलमध्ये दाब भरतो. प्रत्येक सांध्यावर कोरडा टिश्यू दाबून बघा. कोरडाच निघाला तर गाडी चालू करा. दुसऱ्या दिवशी पहाटे थंड इंजिनावर पुन्हा टिश्यू लावा. पंपाचं गॅस्केट बदललं असेल तर टाकी कटपर्यंत भरा, घाटात एक फेरी मारा आणि मागची सीट उचलून नाकाने खात्री करा.