पुंकेसर मोजणारा माणूस आणि कासचा तेरडा

(दृश्य: श्रावणातली सकाळ, साताऱ्याची मंडई. पोत्यावर मांडलेल्या रानभाज्या.)

श्रावण लागला की साताऱ्याच्या मंडईत रानभाज्या दिसायला लागतात. कवला, टाकळा, कुर्डू, भारंगी. विकणाऱ्या मावशींच्या मांडणीत एक शिस्त असते. कोवळी जुडी वेगळी, जून वेगळी. भाजीची एकीकडे, औषधाची दुसरीकडे. गुरं कशाला तोंड लावतात आणि कशाला लावत नाहीत, तेही त्यांना तोंडपाठ. माणसानं सजीवांची पहिली विभागणी केली ती अशीच, पोटासाठी. तिला कमी लेखायचं कारण नाही. इथं चूक झाली की थेट दवाखाना गाठावा लागतो.

शास्त्र सुरू होतं ते जरा पुढे. या झाडाचा मला उपयोग काय, हे बाजूला ठेवून माणूस विचारतो, की हे झाड स्वतः कसं आहे? आणि लगेच अडतो. कारण बघायचं नेमकं काय? पान, खोड, फूल, फळ, की बी? वर्गीकरणाचा सगळा इतिहास म्हणजे या एका प्रश्नावर चाललेला वाद आहे.

(दृश्य: वाई, कृष्णाकाठचा उंबर. फांदीला लगडलेली फळं.)

चरकसंहितेनं झाडांचे चार गट केले. फुलं न दिसता फळ धरणारी ती वनस्पती. आधी फूल, मग फळ, ती वानस्पत्य. फळ पिकलं की मरणाऱ्या त्या ओषधी. आणि पसरत जाणारे वेल म्हणजे वीरुध. पहिल्या गटात वड, पिंपळ, उंबर ही मंडळी.

उंबराचं फूल कुणी पाहिलंय? फार दिवसांनी भेटलेल्या माणसाला आपण अजूनही ‘उंबराचं फूल’ म्हणतो. आता हे फळ मधोमध फोडू.

(दृश्य: तळहातावर फोडलेलं उंबर, अगदी जवळून.)

आतल्या भिंतीवर दाटीनं बसलेली ही बारीक फुलं. आणि ही चिलटाएवढी गांधीलमाशी, परागकण आणणारी तीच. म्हणजे जुन्यांचं निरीक्षण चोख होतं, फळाआधी फूल बाहेर दिसत नाही हे खरंच आहे. फूल आत दडलेलं होतं, एवढंच.

तिकडे ग्रीसमध्ये इसवी सनापूर्वी चौथ्या शतकात ॲरिस्टॉटल प्राण्यांची वर्गवारी करत होता. त्याच्या लेखनात सुमारे 500 प्रकारचे प्राणी येतात. रक्त असलेले आणि नसलेले अशी त्याची मोठी विभागणी. डॉल्फिन पाण्यात राहतो, पण फुप्फुसानं श्वास घेतो आणि पिल्लं घालतो, म्हणून त्यानं त्याला माशांपासून वेगळा काढला. ज्याच्याविषयी आपण पुढे सविस्तर बोलणार आहोत, त्या लिनियसनं मात्र देवमाशाला कित्येक वर्षं माशांतच बसवलं होतं. ती चूक सुधारायला 1758 उजाडलं.

ॲरिस्टॉटलचा शिष्य थिओफ्रास्टस वनस्पतींकडे वळला. वृक्ष, झुडपं, उपझुडपं, शाक, अशी त्याची चार भागांतली मांडणी. सिकंदराबरोबर हिंदुस्थानात आलेल्या लोकांकडून त्याला एका अजब झाडाची माहिती कळली, फांद्यांतून मुळं सोडणाऱ्या. म्हणजे आपला वड. जावळी तालुक्यातल्या म्हसव्याचा जुना वड पाहिलेल्या कुणालाही ते वर्णन ओळखीचं वाटेल.

मधली बरीच शतकं आपण ओलांडू. त्या काळात यादी वाढत गेली, मांडणी फारशी पुढे सरकली नाही. 1583 मध्ये इटलीच्या चेसाल्पिनोनं फळ आणि बी महत्त्वाचं मानलं. 1686 मध्ये इंग्लंडच्या जॉन रे यानं जाती कशाला म्हणायचं ते सांगितलं: एकाच्या बियांपासून जे जे उगवतं, ते बाहेरून थोडंफार वेगळं दिसलं तरी एकाच जातीचं. साधी गोष्ट, पण इतक्या स्पष्ट शब्दांत ती आधी मांडलेली नव्हती.

त्याच सुमाराचं एक पुस्तक आपल्या जिव्हाळ्याचं आहे. ‘हॉर्टस मलबारिकस’. मलबारचा डच गव्हर्नर व्हॅन ऱ्हीड यानं करवून घेतलेले 12 खंड, ॲमस्टरडॅममध्ये 1678 ते 1693 या काळात छापलेले. झाडांची माहिती दिली इट्टी अच्युतन या वैद्यानं आणि रंगभट, विनायक पंडित, अप्पूभट या तीन कोकणी ब्राह्मणांनी. या तिघांचं कोकणीतलं प्रमाणपत्र पहिल्या खंडात देवनागरी अक्षरांत छापलं आहे. शिवाजी महाराज हयात असताना ॲमस्टरडॅमच्या छापखान्यात देवनागरी! आणि पुढे हे खंड लिनियसच्या टेबलावर होते. भारतातल्या कितीतरी झाडांची त्याची ओळख यातूनच झाली, कारण तो स्वतः इकडे कधीच आला नाही.

(दृश्य: कास पठार, सप्टेंबर. धुकं हटतंय. जांभ्या दगडावर जांभळा तेरडा आणि पिवळी सोनकी, शेजारीशेजारी.)

साताऱ्यापासून पंचवीसेक किलोमीटर, समुद्रसपाटीपासून साधारण 1200 मीटर. जांभ्या दगडावर मातीचा पातळ थर, त्यावर पावसाळ्यापुरती ही फुलं. 2012 मध्ये पश्चिम घाटाबरोबर कासही जागतिक वारसास्थळांच्या यादीत गेलं.

कार्ल लिनियस, जन्म 1707, स्वीडन. 1735 मध्ये त्यानं ‘सिस्टेमा नातुरे’ छापलं, मोठ्या आकाराची जेमतेम डझनभर पानं. वनस्पतींसाठी त्यानं युक्ती काढली ती अशी: फुलातले पुंकेसर, म्हणजे पराग धरणारे नर भाग, मोजा. एक असेल तर पहिला वर्ग, दोन असतील तर दुसरा. पुढे पुंकेसरांची लांबी, ते एकमेकांना चिकटलेत का, नर आणि मादी फुलं वेगळी आहेत का, असं करत 24 वर्ग. फूलच दिसत नाही ते शेवाळ, नेचे, बुरशी, सगळे चोविसाव्यात.

ही पद्धत इतकी सोपी होती की भिंग आणि वही असली की शिकाऊ पोरगाही काम सुरू करू शकत होता. तिच्या यशाचं निम्मं गुपित तेच. सांगलीच्या बाजारातली हळद आणि दारातली कर्दळ, एकेक पुंकेसर, दोघी पहिल्या वर्गात. छान. पण आता शेताकडे वळा. गव्हाला तीन पुंकेसर, म्हणून गहू तिसऱ्या वर्गात. भाताला सहा, म्हणून भात सहाव्यात. आणि ज्वारी? ती तेविसाव्यात. तिन्ही गवतंच आहेत, हे शेतकऱ्याला कुणी सांगावं लागत नाही.

याच्या उलट गंमत इथं कासवर बघा.

(दृश्य: सोनकीचं फूल, भिंगाखाली.)

सोनकीचं हे एक फूल म्हणजे खरं तर बारीक फुलांचा गुच्छ. मधलं एक फूल सुईनं वेगळं केलं. पाच पुंकेसर आहेत, त्यांचे परागकोश कडेला कडा चिकटून नळी झाली आहे, आणि तिच्यातून स्त्रीकेसर वर येतो.

(दृश्य: तेरडा. पाकळी बाजूला केलेली.)

आणि हा तेरडा. इथंही पाच पुंकेसर, त्यांचेही परागकोश चिकटलेले. त्यांची टोपी स्त्रीकेसरावर घट्ट बसली आहे. पराग संपले की ती अख्खी गळून पडते, मग स्त्रीकेसर मोकळा होतो. बाकी रंग, पाकळ्यांची ठेवण, मागची सोंड, हात लावताच फुटणारं बोंड, यातलं काहीच सोनकीशी जुळत नाही. पण परागकोश चिकटलेले, या एका खुणेवरून लिनियसनं तेरड्याला सोनकीच्या कुळाबरोबर एकोणिसाव्या वर्गात टाकलं.

तो भाबडा नव्हता. आपली मांडणी सोयीची आहे, निसर्गातली नाती तिच्यात उतरत नाहीत, हे त्याला पुरतं कळत होतं. 1738 मध्येच त्यानं नैसर्गिक गटांचा एक अपुरा आराखडा छापला होता. त्याचे 24 वर्ग आज कुणी वापरत नाही. टिकली ती दुसरीच गोष्ट, जी त्यानं 1753 च्या ‘स्पीशीज प्लांटारम’मध्ये समासात, आठवणीला सोपं म्हणून टाकली होती: दोन शब्दांचं नाव, एक प्रजातीचं, म्हणजे जवळच्या जातींच्या गटाचं, आणि एक जातीचं. त्याआधी एकेका झाडाचं नाव म्हणजे लॅटिनमधलं अख्खं वाक्य असायचं. माझ्या मते त्याचं खरं देणं हेच.

(दृश्य: स्मिथियाची पिवळी फुलं. शाळेची सहल, मुलं वाकून बघताहेत.)

मुलं याला ‘मिकी माऊस’ म्हणतात. मंडईतल्या कवल्याचाच हा भाऊबंद, शास्त्रीय प्रजाती स्मिथिया. 10 पुंकेसर, पाच-पाचाच्या दोन जुड्या. हे नाव जेम्स एडवर्ड स्मिथ यांचं. लिनियस 1778 मध्ये गेला, पाच वर्षांत त्याचा मुलगाही गेला, आणि घरच्यांनी संग्रह विकायला काढला. वाळवलेली झाडं, किडे, शिंपले, पुस्तकं, पत्रं, सगळं या तरुण इंग्रजानं विकत घेतलं. 1784 मध्ये जहाजानं तो ठेवा इंग्लंडला गेला. चार वर्षांनी स्मिथनी लंडनमध्ये लिनियन सोसायटी काढली. संग्रह आजही तिच्याकडे आहे. स्वीडनच्या राजानं पाठलागाला युद्धनौका सोडली, अशी एक कथा सांगतात. ऐकायला रंगतदार आहे, खरी नाही.

पुढचं झपाट्यानं झालं. 1789 मध्ये पॅरिसच्या ज्युस्यू यांनी एकाच खुणेवर न थांबता अनेक लक्षणं एकत्र तोलून कुळं ठरवली. 1859 मध्ये डार्विननं ही कुळं का पडतात ते सांगितलं: साम्य दिसतं, कारण पूर्वज एक आहे. आपल्याकडे डाल्झेल आणि गिब्सन यांनी 1861 मध्ये मुंबई इलाख्यातल्या वनस्पतींचं पुस्तक काढलं. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला पुण्याच्या विज्ञान महाविद्यालयाचे एकेकाळचे प्राचार्य थिओडोर कुक यांनी ते काम कितीतरी विस्तारानं केलं. सह्याद्रीत झाड ओळखायला निघालेला माणूस अजूनही कुक उघडतो.

(दृश्य: पठारावरचं उथळ डबकं. पाण्याबाहेर दुभागलेले तुरे.)

तरी काही त्यांच्याही नजरेतून सुटलं. ही वायतुरा. तुरा इंग्रजी वाय अक्षरासारखा दुभागलेला, म्हणून हे नाव. तिला शास्त्रीय नाव मिळालं 1982 मध्ये, आणि त्यात साताराच आहे: ॲपोनोजेटॉन सातारेन्सिस. हिचं नर झाड वेगळं, मादी वेगळं. लिनियसच्या हिशेबानं ती बाविसाव्या वर्गात, पपईच्या शेजारी जाऊन बसली असती. तळ्यांत वाढणाऱ्या तिच्या काही बहिणींच्या फुलात मात्र नर आणि मादी भाग एकत्र असतात. त्यांची रवानगी भलत्याच वर्गात झाली असती. आज त्या सगळ्या एकाच प्रजातीत आहेत. कंद, पान, तुऱ्याची घडण, बी आणि अलीकडे डीएनए, असं सगळं शेजारीशेजारी ठेवून ते ठरतं. पुंकेसर त्यातही मोजतातच.