पालखी ज्या दारात थांबली नाही: साहित्यातलं क्रौर्य नेमकं कुठं दिसतं?

(पडवीत बसून. मागे अंगण, त्यापलीकडे वर चढत जाणारी पाखाडी.)

नमस्कार. आजचा व्हिडिओ गावच्या घरातून करतेय. रत्नागिरी जिल्ह्यातली आमची ही वाडी. शिमगा होऊन चार दिवस झाले, अंगणातला गुलाल अजून पुरता गेलेला नाही. माझ्या मागे ही जांभ्या दगडाच्या पायऱ्यांची वाट दिसतेय ना, तिला आमच्याकडे पाखाडी म्हणतात. विषय आहे साहित्यातलं क्रौर्य. चांगली, शहाणीसुरती माणसं माणुसकी सोडतात तेव्हा नेमकं काय होतं, आणि लेखकांनी ते कसं पकडलं. पण सुरुवात या पाखाडीवरून करते, कारण पुस्तकात वाचायच्या आधी ही गोष्ट मी इथं पाहिली होती.

मी चौथीत होते. शिमग्यात ग्रामदेवतेची पालखी घरोघरी येते. ज्यांनी कोकणातला शिमगा पाहिला नाही त्यांना कदाचित कळणार नाही, पण एरवी आपण देवळात जातो आणि या दिवसांत देवी आपल्या दारात येते, ही भावना इथं फार खोल आहे. त्यासाठी चाकरमानी मुंबईहून रजा टाकून येतात. आदल्या दिवशी अंगण सारवायचं, दारात पाट मांडायचा, बायका ओटीचं ताट घेऊन उभ्या राहणार. पालखी पाटावर टेकली की गाऱ्हाणं घालतात. या घराला सुखी ठेव, पोराबाळांना राख, आणि प्रत्येक ओळीला सगळी माणसं एका आवाजात म्हणतात, ‘होय महाराजा!’

त्या वर्षी पाखाडीच्या वरच्या अंगाला राहणाऱ्या काकींचं घर वाळीत टाकलेलं होतं. वाटेवरून भांडण झालं होतं आणि काका गावकीला न विचारता तालुक्याला तक्रार करून आले होते. एवढाच गुन्हा. तेव्हापासून त्यांना दुकानातून जिन्नस मिळत नव्हता, लावणीला कुणी मदतीला गेलं नव्हतं, विहिरीवर त्या आल्या की बाकीच्या कळशा उचलून निघायच्या.

तरी काकींनी अंगण सारवलं होतं. शेणाच्या हाताचे अर्धगोल मला अजून आठवतात, एकाला एक लागून, कडेपर्यंत, आणि मधे अजून ओल होती. पाट मांडलेला. काकी ताट घेऊन उभ्या. ताटात खण, तांदूळ, नारळ. पालखी खालून वर आली. दार आलं की ढोलाचा ठेका बदलतो, हे आम्हा पोरांना पाठ होतं. त्या दारापाशी ठेका बदललाच नाही. पालखी त्याच चालीनं पुढे गेली. तिच्यामागून गाव गेलं. गावात मीही होते. मी वळून पाहिलं. काकींच्या ताटातला नारळ कलंडला होता, त्यांनी तो एका बोटानं सरळ केला आणि ताट तसंच धरून राहिल्या.

कुणी शिवी दिली नाही. कुणी हात उगारला नाही. सगळे आंघोळ करून, स्वच्छ कपडे घालून, देवाच्या कामाला निघालेले होते.

घरी आल्यावर मी आजीला विचारलं, ‘काकींकडे का नाही थांबली?’ आजी म्हणाली, ‘आम्ही मागं होतो गो, आम्हाला काय ठाऊक.’ मोठे काका म्हणाले, ‘पालखी देवाच्या मर्जीनं चालते.’ बाबा काहीच बोलले नाहीत.

‘आम्ही मागं होतो.’ हे वाक्य जरा जवळ ठेवा.

(पुस्तक हातात घेऊन.)

कॉलेजात असताना मी विल्यम गोल्डिंगची ‘लॉर्ड ऑफ द फ्लाइज’ वाचली. 1954 ची कादंबरी. युद्धकाळात इंग्रज शाळकरी मुलांचं विमान कोसळतं, एका निर्जन बेटावर फक्त मुलंच उरतात. आधी ती सभा भरवतात, शंख हातात असेल त्यानंच बोलायचं असा नियम करतात. हळूहळू सगळं मोडत जातं आणि खून होतात. गोल्डिंग शाळेत शिक्षक होता आणि दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश नौदलात होता, 1944 च्या नॉर्मंडीच्या चढाईत सामील होता. म्हणजे वर्गातली मुलंही त्याने पाहिली होती आणि त्याच वयाच्या पुढची मुलं युद्धात काय करतात तेही.

या कादंबरीबद्दल बोलताना लोक नेहमी म्हणतात, मुलं जनावरं झाली. मला हे पटत नाही. पुस्तकातली एक जागा सांगते. रॉजर नावाचा मुलगा झाडाआडून एका लहान मुलाच्या दिशेनं दगड मारतो. पण दगड त्याला लागू देत नाही. त्या लहानग्याभोवती साधारण सहा यार्डांचं, म्हणजे साडेपाच मीटरचं, एक वर्तुळ आहे आणि रॉजरची त्यात दगड टाकायची हिंमत होत नाही. बेटावर आईबाप नाहीत, मास्तर नाहीत, पोलीस नाहीत, तरी त्यांनी शिकवलेलं काहीतरी त्याचा हात धरून ठेवतंय. हाच रॉजर पुढे कड्यावरून मोठी शिळा ढकलून एका मुलाचा जीव घेतो. त्या साडेपाच मीटरचं शून्य कसं झालं, मला ही सबंध कादंबरी त्याची गोष्ट वाटते. एकदम नाही झालं. दर वेळी कुणीतरी पाहत होतं आणि काही बोललं नाही, आणि वर्तुळ वीतभर आत आलं.

पण मला खरी थरकवणारी जागा वेगळीच. सायमन हा त्यातला सगळ्यात हळवा मुलगा. ज्या राक्षसाला सगळे घाबरतात तो म्हणजे डोंगरावर अडकलेलं एका मेलेल्या सैनिकाचं शव आहे, हे त्याला कळतं. ते सांगायला तो रात्री धडपडत किनाऱ्यावर येतो. वादळ चाललेलं, मुलं गोल करून नाचतायत, सगळ्यांच्या तोंडी एकच घोष. सायमन त्या गोलात शिरतो आणि राक्षस समजून मुलं त्याला मारून टाकतात. सगळी. ज्यांना आपण चांगली म्हणून वाचत आलो ती दोघंही त्या गोलात असतात.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती दोघं बोलत बसतात. एक म्हणतो, आपण गोलाच्या बाहेरच्या बाजूला होतो, आपण काही केलं नाही, आपल्याला काही दिसलं नाही. मग जुळी भावंडं येतात आणि सांगतात, आम्ही तर लवकरच निघालो होतो.

हे वाचलं तेव्हा मी रत्नागिरीत होस्टेलवर होते. पुस्तक मिटलं आणि मला आजी दिसली. आम्ही मागं होतो गो. दूरच्या एका इंग्रज मास्तरानं आमच्या पडवीतलं वाक्य लिहून ठेवलं होतं.

इथं एक खरी घडलेली गोष्ट सांगायला हवी, नाहीतर चित्र अर्धवट राहील. 1965 मध्ये टोंगा देशातली सहा शाळकरी मुलं एक होडी घेऊन पळाली, वादळात सापडली आणि अटा नावाच्या निर्जन बेटाला लागली. तिथं ती पंधरा महिने राहिली. 1966 च्या सप्टेंबरात एका ऑस्ट्रेलियन जहाजवाल्याला ती सापडली तेव्हा सहाच्या सहा धडधाकट होती. त्यांनी बाग केली होती, विस्तव विझू दिला नव्हता, जोड्या लावून कामं वाटून घेतली होती. एकाचा पाय मोडला तर बाकीच्यांनी तो बांधून बरा केला. भांडण झालं की दोघांनी दोन दिशांना जायचं आणि राग उतरल्यावर परत यायचं, हा त्यांचा नियम. काही जण म्हणतात, म्हणजे गोल्डिंग खोटा ठरला. मला तसं वाटत नाही. माणूस मुळात वाईट असतो असं कुणी म्हणत असेल तर ही सहा मुलं त्याला उत्तर आहेत. पण घोळक्यात सामील झालेला चांगला माणूस दुसऱ्या सकाळी स्वतःला काय सांगतो, याचं गोल्डिंगने केलेलं चित्रण त्यामुळे पुसलं जात नाही.

आता आपल्या भाषेकडे या, कारण तिच्यात हे सगळं एका शब्दात ठेवलेलं आहे. ‘सभ्य’ हा शब्द ‘सभा’ या शब्दापासून आला. सभेत बसायला जो योग्य, तो सभ्य. आणि आपल्याकडच्या साहित्यातलं सगळ्यांच्या मनात रुतलेलं क्रौर्य कुठं घडतं? रणांगणात नाही, रानात नाही. सभेत. महाभारताचं ते पर्वच सभापर्व. द्रौपदी केसांना धरून ओढून आणली जाते आणि ती प्रश्न विचारते, तोही कायद्याचा: युधिष्ठिर आधी स्वतःला हरला की मला? स्वतःला हरलेल्याला मला पणाला लावायचा काय हक्क? भीष्म म्हणतात, धर्माची गती सूक्ष्म आहे, मला नेमकं सांगता येत नाही. कौरवांतला विकर्ण तेवढा उठून तिच्या बाजूने बोलतो आणि कर्ण त्याला पोर ठरवून गप्प करतो.

आपण लहानपणापासून दुःशासनाचा राग करत आलो. दशावतारात दुःशासन रंगमंचावर आला की आमच्याकडे बायका बोटं मोडतात. पण त्याच सभेत विदुर एक हिशेब मांडतो, तो मला फार महत्त्वाचा वाटतो. निंद्य गोष्टीची जिथं निंदा होत नाही त्या सभेत निम्मं पाप सभेच्या प्रमुखाला, पाव करणाऱ्याला, आणि पाव गप्प बसलेल्या सभासदांना. नीट ऐका. करणाऱ्याला पाव, गप्प बसणाऱ्यांना पाव. विदुरानं दोघांना सारखंच माप लावलंय.

तेंडुलकरांचं ‘शांतता! कोर्ट चालू आहे’ 1967 चं. हौशी नाटकवाल्यांची मंडळी वेळ घालवायला खोटा खटला खेळतात, लीला बेणारेला आरोपी करतात, आणि खेळता खेळता तिचं खरं आयुष्य तिच्या तोंडावर सोलून काढतात. ती निघून जायला बघते तर दाराला बाहेरून कडी. सगळं झाल्यावर तीच माणसं तिला समजावतात, अगं, खेळच होता. पुन्हा तेच वाक्य, कपडे तेवढे बदललेले.

(थोडं थांबून.)

पण मला आज सगळ्यात जास्त बोलायचंय ते उर्मिला पवार यांच्या ‘आयदान’बद्दल. 2003 साली आलेलं आत्मकथन, आमच्याच रत्नागिरीच्या मातीतलं. आयदान म्हणजे बांबूच्या टोपल्या, सुपं, रोवळ्या. लेखिकेची आई ती विणायची आणि त्यावर घर चालायचं. लहानगी उर्मिला टोपल्या पोचवायला जायची. घरातली बाई तिला उंबऱ्याबाहेर उभी करायची. टोपली खाली ठेवायला लावायची, तिच्यावर पाणी शिंपडून विटाळ काढायची आणि मगच हात लावायची. पैसे मुलीच्या हातावर वरून टाकायची, बोटाला बोट लागू नये म्हणून.

हे दृश्य नीट डोळ्यांसमोर आणा. बाईला टोपली हवी आहे. त्याच टोपलीत तांदूळ जाणार, कदाचित देवाची फुलं जाणार. बाई मुलीला मारत नाही. ठरलेले पैसे देते. कदाचित आवाजही चढवत नाही. पाणी शिंपडणारा हात रोजच तुळशीला पाणी घालणारा हात आहे. आणि समोर एक पोर तळवा वर करून उभी आहे, पैसा किती उंचीवरून पडतोय ते बघत. बेटावरच्या त्या लहानग्याभोवतीचं वर्तुळ त्याला रॉजरच्या दगडापासून वाचवण्यासाठी होतं. इथंही बाईची बोटं आणि मुलीचा तळवा यांच्यामध्ये एक अंतर राखलेलं आहे, काटेकोर राखलेलं, आणि तेच अंतर मारतंय.

कोकणी माणूस शांत, गोड, देवभोळा, असं आपण आपल्याबद्दल कौतुकानं बोलतो. ते खोटं नाही. मला या गावाची माया आहे, म्हणूनच हे बोलतेय. ‘आयदान’ वाचलं की आपला शांतपणा कुठं कुठं वापरला गेला ते दिसायला लागतं.

वाळीत टाकण्याविरुद्ध महाराष्ट्रानं वेगळा कायदा केला, 2016 चा. जुलै 2017 पासून तो लागू आहे, तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक लाख रुपयांपर्यंत दंड अशी तरतूद आहे. काकींच्या वेळी तो नव्हता. आता काका-काकी दोघंही नाहीत, मुलं बोरिवलीला असतात. घर बंद आहे. त्या अंगणात आता रान वाढलंय.

या शिमग्याला मी बाबांना विचारलं. इतकी वर्षं विचारलं नव्हतं. ते इथं, या माझ्या मागच्या खांबाला टेकून बसले होते. म्हटलं, बाबा, त्या वर्षी काकींच्या दारात पालखी थांबली नाही, तेव्हा तुम्हीपण मागं होता का? मोठे काका म्हणायचे तशी देवानं नेली का ती पुढे?

ते बराच वेळ पाखाडीकडे बघत राहिले. मग म्हणाले,

‘देवानं नाय गो नेली. पुढची दांडी माझ्याच खांद्यावर होती. मी पाय उचलला, म्हणून गेली.’