आहाराची सरकारी गाइडलाइन वर्गात शिकवायची तरी कशी?

नमस्कार मंडळी! आजचा व्हिडिओ खास शिकवणाऱ्यांसाठी, म्हणजे शाळेतले सर-मॅडम, क्लासवाले आणि घरी पोरांचा अभ्यास घेणारे आईबाबासुद्धा. विषय आहे संतुलित आहार. आली ना जांभई? मुलांनाही येते. कारण आपण करतो काय, फळ्यावर प्रथिने, कर्बोदके, स्निग्ध पदार्थ, जीवनसत्त्वे असं ओळीने लिहितो, प्रत्येकापुढे दोन-दोन उदाहरणं, त्यावर चार मार्कांचा प्रश्न, की झाला धडा. आणि तीच पोरं मधल्या सुट्टीत वेफर्सचं पाकीट फोडत बसतात.

आता गंमत अशी आहे की जगात शंभराहून जास्त देशांनी स्वतःची आहाराची मार्गदर्शक तत्त्वं काढलीयेत, बरीचशी नेटवर फुकट आहेत, चित्रांसकट. ती वर्गात आणा. पण पाठ करून घ्यायला नको हां, पोरांना त्यांची उलटतपासणी घेऊ द्या.

सुरुवात चित्रांपासूनच करा. जपानचं चित्र दाखवा, २००५ चं, त्यात चक्क एक भोवरा आहे. वरच्या थरात भात, ब्रेडसारखे धान्याचे पदार्थ, त्याखाली भाज्या, मग मासे-मांस-अंडी-सोयाबीन, अगदी खाली दूध आणि फळं, आणि भोवऱ्यावर एक माणूस पळतोय! मुलांना विचारा, हा का पळतोय? कोणीतरी बोलतंच की तो थांबला तर भोवरा पडेल. झालं, व्यायामाचं लेक्चर द्यायची गरजच उरली नाही. मग शेजारी कॅनडाचं २०१९ चं चित्र ठेवा. तिथे एक ताट, अर्धं भाज्या-फळांनी भरलेलं, पाव भाग प्रथिनांचा, पाव भाग अख्ख्या धान्याचा, बाजूला पाण्याचा ग्लास. दुधाचा वेगळा गट आधी होता, तो या वेळी काढला, दूध प्रथिनांमध्येच धरलं. आता पोरं विचारणार की मग बरोबर कोण? विचारू देत, आपल्याला तेच हवंय.

थोडी मोठी मुलं असतील, आठवी-नववीच्या पुढची, तर त्यांना अमेरिकेच्या पिरॅमिडची गोष्ट जरूर सांगा. १९९२ मध्ये त्यांनी तो काढला, तळाला ब्रेड-भात-पास्ता, दिवसाला ६ ते ११ सर्व्हिंग, म्हणजे एका वेळचं ठरलेलं माप, आणि टोकाला सगळी तेलं-तुपं-साखर एकत्र कोंबलेली, जपून खा म्हणून. आता सगळी फॅट एकसारखी नसते, सुकामेव्यातली वेगळी, वनस्पती तुपातली वेगळी, हे त्या चित्रात कुठेच दिसत नव्हतं. शेवटी २०११ मध्ये पिरॅमिड जाऊन ताट आलं. बरं, तो पिरॅमिड १९९१ मध्येच तयार होता, पण मांस आणि दूधवाल्या उद्योगांनी आरडाओरडा केला आणि तो वर्षभर अडकला. उलट कॅनडाने २०१९ ची गाइडलाइन करताना उद्योगांनी स्वतः करवून घेतलेले रिपोर्ट बाजूलाच ठेवले. म्हणजे मुलांना दोन गोष्टी एकदम कळतात, विज्ञान पुढे सरकलं की सल्ला बदलतो, आणि सल्ला देणाऱ्याच्या मागे कोण उभं आहे हेही बघावं लागतं. मला विचाराल तर अख्ख्या धड्यातला हाच भाग सगळ्यात कामाचा आहे, आणि पुस्तकात नेमका तोच नसतो.

आता हाताने करायचं काम. एक कोल्ड्रिंकची रिकामी बाटली, एक पारदर्शक ग्लास, साखरेचा डबा आणि चमचा. बाटली मुलांच्या हातात द्या आणि मागचं बारीक अक्षरातलं लेबल त्यांनाच वाचायला लावा. समजा लिहिलंय १०० मिलीला १० ग्रॅम साखर. बाटली ५०० मिलीची, म्हणजे झाली ५० ग्रॅम. सपाट चमच्यात साधारण ४ ग्रॅम मावते, म्हणजे साडेबारा चमचे. आता एकेका पोराला बोलवा आणि एकेक चमचा ग्लासात टाकायला सांगा, बाकीच्यांनी मोठ्याने मोजायचं. सात-आठ झाले की कोणीतरी "सर बास ना" म्हणतंच. आता फळ्यावर या. जागतिक आरोग्य संघटना म्हणते की अशी वरून घातलेली साखर दिवसाच्या एकूण ऊर्जेच्या १० टक्क्यांच्या आत ठेवा, ५ टक्क्यांच्या आत राहिली तर अजून चांगलं. २००० कॅलरीचे १० टक्के म्हणजे २००, एका ग्रॅमला ४ कॅलरी, भागाकार करा, उत्तर ५० ग्रॅम. एका बाटलीत मोठ्या माणसाचा दिवसाचा कोटा खलास! आणि हे गणिताच्या तासालाही चालतं, विज्ञानवाल्या मॅडमनीच सगळं का करायचं.

मिठाचंही तसंच, पण तिथे एक गोम आहे. लेबलवर बऱ्याचदा मीठ नाही तर सोडियम लिहिलेलं असतं, त्याला अडीचने गुणायचं. ८०० मिलिग्रॅम सोडियम म्हणजे २ ग्रॅम मीठ, आणि मर्यादा आहे दिवसाला ५ ग्रॅमच्या आत. आणि घटकांची यादी वजनाच्या उतरत्या क्रमाने असते, हे एकदा कळलं की पोरं दुकानात पाकीट उलटं करून बघायला लागतात, मग आईबाबांची पंचाईत.

आता जरा सिरीयस बोलतो. कृपा करून मुलांचे डबे उघडून वर्गात चर्चा करू नका, आणि वजनकाटा तर अजिबात आणू नका. कोणाच्या घरी काय शिजतं ते त्या मुलाच्या हातात नसतं, आणि जाड-बारीक यावरून एकदा चिडवाचिडवी सुरू झाली की पोरं जेवण लपवायला लागतात, काही तर सोडायलाच लागतात. त्यापेक्षा एक खोटं पात्र बनवा, कुठलंही नाव द्या, त्याचा दिवसभराचा मेनू लिहा, आणि मुलांना सांगा की यात एकच बदल करायचा, तोही त्याला परवडेल आणि आवडेल असा. शक्यतो नुसतं काढू नका, काहीतरी घाला किंवा बदला. एखादं फळ, मूठभर शेंगदाणे, कोल्ड्रिंकच्या जागी पाणी, असं. यात खरं डोकं लागतं, कारण "जंक फूड बंद करा" हे उत्तर कोणीही लिहितं.

अजून एक, गाइडलाइनच्या तक्त्यातले ग्रॅम बघताना ते कोणासाठी आहेत ते वाचा. भारतात आयसीएमआर-एनआयएनने, म्हणजे हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने, मे २०२४ मध्ये आहाराची १७ तत्त्वं काढली, त्यातलं दिवसाचं ताट २००० कॅलरीचं धरलंय, त्यात ४०० ग्रॅम भाज्या, १०० ग्रॅम फळं असे आकडे आहेत. दहा वर्षांच्या मुलाची गरज आणि मोठ्या माणसाची गरज एक नसते, आणि ते प्रमाण अख्ख्या दिवसाचं आहे, एका जेवणाचं नाही. नाहीतर मूल घरी जाऊन एका वाटीवरून आजीशी भांडायचं.

आणि परीक्षेत काय विचारायचं? तर न बघितलेल्या दोन बिस्किटांची लेबलं छापा, एकात साखर कमी पण मीठ जास्त, दुसऱ्यात उलट, आणि विचारा यातलं कोणतं घ्याल आणि का. दोन्ही उत्तरांना मार्क द्या, फक्त कारणात लेबलवरचा आकडा आला पाहिजे.