पचलं तेच अंगी लागतं

नमस्कार शेतकरी बंधू-भगिनींनो. आपल्या कोल्हापुरात घरचं सोयाबीनही पिकतं आणि ब्रॉयलरही पाळले जातात. तेव्हा 'घरचाच दाणा भरडून घालू, खर्च वाचेल' हा विचार कुणाच्याही मनात येतो. आजचं बोलणं त्यावरच. एक गोष्ट पक्की धरा: कोंबडीनं खाल्लेलं नव्हे, पचलेलं अंगी लागतं.

१९१७ सालची हकिकत आहे, अमेरिकेतली. थॉमस ऑस्बर्न आणि लाफायेट मेंडेल हे दोन शास्त्रज्ञ उंदरांना सोयाबीन खाऊ घालून बघत होते. कच्च्या दाण्यावर उंदीर काही केल्या नीट वाढेनात. मग त्यांनी सोयाबीन शिजवून दिलं, आणि उंदीर वाढीला लागले. दाणा तोच, प्रथिनंही तेवढीच. फरक फक्त उष्णतेचा! कच्च्या दाण्यात आडवं कोण येत होतं? १९४५ मध्ये कुनिट्झ या शास्त्रज्ञांनी सोयाबीनमधून त्याचे स्फटिक वेगळे काढले. तोच हा ट्रिप्सिन इन्हिबिटर.

ट्रिप्सिन म्हणजे स्वादुपिंडातून आतड्यात येणारा, प्रथिनं तोडणारा पाचक घटक. कच्चं सोयाबीन त्यालाच जखडून ठेवतं. मग स्वादुपिंड आणखी ट्रिप्सिन सोडतं आणि सुजल्यासारखं मोठं होतं. हे ट्रिप्सिनही प्रथिनच, तेही विष्ठेतून वाया जातं. न पचलेल्या प्रथिनाचा नायट्रोजन लिटरमध्ये, म्हणजे शेडमधल्या तुसाच्या अंथरुणात, उतरतो, तूस ओलं होतं, अमोनियानं डोळे चुरचुरतात, तळपाय सोलतात. म्हणून सांगते, खाल्लेलं नव्हे, पचलेलं.

कढईत भाजून भागतं का? वरून करपतं, आत कच्चं राहतं. आणि जास्त करपलं तर लायसिन हा प्रथिनातला गरजेचा घटक साखरेशी बांधला जातो, तो पचत नाही, छाती भरत नाही. विकतच्या सोयाबीन पेंडीच्या पोत्यावरचा प्रथिनाचा आकडा इथे उपयोगाचा नाही. तो नायट्रोजन मोजून काढतात. कच्ची, बेताची आणि करपलेली, तिन्ही पेंडींचा सारखाच येऊ शकतो. खाद्य विकणाऱ्याकडे युरिएज तपासणीचा निकाल मागाच. युरिएज हा कच्च्या सोयाबीनमधला आणखी एक घटक, उष्णतेनं तोही निकामी होतो; म्हणून तो किती उरलाय यावरून पेंड किती भाजली ते कळतं. युरियाच्या द्रावणात पेंड घातल्यावर पीएचमधली (आम्ल-अल्कतेच्या मापातली) वाढ साधारण ०.०५ ते ०.२० असावी. दुसरी रीत अशी: फिनॉल रेड (रंग बदलून दाखवणारं रसायन) आणि युरियाचं द्रावण बशीतल्या पेंडीवर ओततात, पाच मिनिटांनी बघतात: थोडे लाल ठिपके म्हणजे ठीक, सगळी बशी लाल म्हणजे कच्ची, एकही ठिपका नाही म्हणजे करपल्याची शंका.

तांबड्या-पांढऱ्या रश्श्यावर आपण तास-तास बोलतो. त्या कोंबडीनं काय खाल्लं, यावरही घराघरांत तेवढंच बोलणं व्हावं, असं मला मनापासून वाटतं.

आता पिल्लांचं. पहिल्या आठवड्यात आतडं झपाट्यानं वाढतं, म्हणून पिल्लू शेडवर उतरताच खाद्य-पाणी समोर हवं. दुसऱ्या दिवशी गळ्याखालची अन्नपिशवी हलकेच चाचपा. मऊ आणि गोल लागली तर खाद्य-पाणी दोन्ही पोचलंय. टणक, खडबडीत लागली तर पाणी कमी पडलंय, पाण्याचं निपल खाली घ्या. रिकामी लागली तर आधी ब्रुडरखालची, म्हणजे पिल्लांना ऊब देणाऱ्या साधनाखालची, ऊब बघा.